आमच्याकडे तिला डाळिंबी म्हणतात : हॉलच्या बरगंडी भिंतीचे दहा महिने

दसऱ्याच्या आठवडाभर आधी हॉलची एक भिंत गडद बरगंडी करून घेतली. आता श्रावण लागलाय. दिवाळी, नाशिकची थंडी, एप्रिल-मेचा धुरळा आणि यंदाचा पाऊस एवढं सगळं भिंतीने पाहिलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. रंग दिल्यावर पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

चौथ्या मजल्यावरचा टूबीएचके. भिंत सोफ्यामागची, १२ बाय साडेनऊ फूट. बाकीच्या तिन्ही ऑफ-व्हाइट, छत पांढरं. शेड बघून पेंटरकाका म्हणाले, “ताई, हा रंग देवळाच्या चौकटीला लावतात, हॉलला नाही.” सासूबाईंची हरकत फक्त नावाला होती. “बरगंडी काय? डाळिंबी म्हण की.” तेव्हापासून घरात डाळिंबीच. खरं तर डाळिंबी जरा लालाकडे झुकते, मरून रंग तपकिरीकडे जातो, आणि यात किंचित जांभळी झाक आहे. फ्रान्समधल्या एका प्रांताच्या लाल वाइनवरून हे नाव पडलंय, ते मी आईंना अजून सांगितलेलं नाही. नाशिकला राहून वाइनचं वावडं नाही, पण देवघर त्याच हॉलमध्ये आहे.

पहिला धक्का हिशेबाचा. भिंत साधारण ११४ चौरस फूट, दोन हातांना एक लिटर पुरेल म्हणून एकच लिटर आणला. लागले तीन, आणि हात चार. कारण नंतर कळलं. गडद शेड पांढऱ्या बेसमध्ये (बेस म्हणजे शेड मिसळायच्या आधीचा डब्यातला मूळ पेंट) बनतच नाही. दुकानातलं मशीन क्लिअर बेसमध्ये रंगद्रव्य सोडतं, आणि त्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ नसतं. भिंत झाकायचं काम मुख्यतः हीच पांढरी पूड करते. म्हणजे डब्यात काळपट दिसणारा हा रंग भिंतीवर पहिल्या हाताला रंगीत पाण्यासारखा बसतो, खालचं सगळं दिसत राहतं. त्यात आमचा प्राइमर पांढरा. तोच राखाडी छटेचा करून घेतला असता तर निदान एक हात वाचला असता. हे काकांनी सांगितलं, पण तिसऱ्या हातानंतर.

पहिला हात दिला त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही सांगते. ओला असताना हा रंग दुधाळ गुलाबी दिसतो, थेट बीटाच्या दह्यातल्या कोशिंबिरीसारखा. नवरा काही न बोलता बघत उभा होता, ते जास्त लागलं. सकाळी वाळल्यावर तो गडद झाला, चौथ्या हातानंतर पूर्ण गडद झाला. तेव्हा पहिल्या दिवशी भिंतीचा फोटो कुणाला पाठवू नका.

डबे एकदम न आणल्याचा फटका वेगळाच. शेडचा नंबर तोच, दुकान तेच, तरी दुसऱ्या डब्याचा रंग केसभर तपकिरी आला. एरवी कळलं नसतं, पण काकांनी अर्ध्या भिंतीवर एक डबा संपवून दुसरा फोडला आणि मधोमध उभी सीमा दिसायला लागली. शेवटचा हात दोन्ही डबे एका बादलीत मिसळून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता मारला तेव्हा ती गेली.

आता खरा मुद्दा, उजेड. दहा महिन्यांत मला एवढं कळलं की मी रंग विकत घेतला नव्हता, दिव्यांची जबाबदारी घेतली होती. हॉलमध्ये आधी ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा) पांढरी एलईडी ट्यूब होती, बहुतेक घरांत असते तीच. तिच्याखाली भिंत कलेजीसारखी दिसायची. शब्द घाणेरडा आहे, पण त्याहून अचूक शब्द मिळाला नाही. आधी सगळा दोष रंगाला दिला. मग बाजूच्या टेबलवर ३००० केल्विनचा पिवळसर दिवा ठेवून पाहिला आणि त्याच भिंतीला आतून उजेड लागल्यासारखं झालं.

तेही कुठल्याही पिवळ्या बल्बने होत नाही. पहिला स्वस्तातला बल्ब पिवळा होता, तरी भिंत मातकटच. बल्बच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतील याचा. तो काढताना आठ फिक्या रंगांची सरासरी घेतात. गडद लालाचा आकडा वेगळा, त्याला आर-नाइन म्हणतात, आणि सरासरीत तो धरतच नाहीत. त्यामुळे ८० सीआरआयचा बल्ब पास होऊनही लालात नापास असू शकतो. नव्वदीच्या वरचे दोन बल्ब आणले, तेव्हा प्रश्न सुटला. एका भिंतीच्या रंगासाठी एवढा अभ्यास करावा लागेल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी मुकाट्याने बदामी रंग दिला असता.

तिन्हीसांजेची गोष्ट निराळीच. दिवे लावायच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत भिंत काळी पडते. खोलीत अजून दिसत असतं, मनीप्लांटची पानं उलट उजळ वाटतात, पण भिंत विझलेली. हा पेंटचा दोष नाही, आपल्या डोळ्यांचा स्वभाव आहे. उजेड कमी झाला की डोळा निळ्या-हिरव्याकडे झुकतो आणि लाल रंग आधी काळवंडतो. यान पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये फुलांकडे बघताना हेच टिपलं होतं. आमच्याकडे त्याचा परिणाम एवढाच की दिवेलागण अर्धा तास अलीकडे आली. आई त्यावर खूश आहेत, लायटीचं बिल भरणारा नाही.

सोबत काय शोभतं? पितळ. समई, माळ्यावर पडलेलं जुनं घंगाळ, आजेसासूबाईंचा तांब्या, सगळं या भिंतीपुढे ठेवलं की आपोआप उजळतं. सागवानी कपाटही छान. राखाडी सोफा मात्र अगदी मेला. नवा घेणं शक्य नव्हतं, म्हणून जाड खादीचं मोतिया कव्हर शिवून घेतलं, तेव्हा कुठे जीव आला. बाकी सजावट लागत नाही. मी हौसेने लावलेल्या पाच फ्रेम्सपैकी तीन दिवाळीपर्यंत उतरवल्या.

देखभालीत माझा अंदाज साफ उलटा ठरला. गडद रंगावर मळ दिसत नाही असं वाटलं होतं. हळदीचं बोट, चहाचा शिंतोडा खरंच दिसत नाहीत. दिसतं ते फिकं. धूळ, कणकेचं पीठ, लेकीच्या हाताला लागलेली पावडर, आणि कोरडी नखंसुद्धा पांढरी रेघ सोडतात. उन्हाळ्यात मी आठवड्यातून दोनदा कोरडा मऊ फडका फिरवत होते. आम्ही मॅट फिनिश घेतलं, कारण पुट्टी फार सपाट नव्हती आणि चकाकीत एकेक उंचवटा दिसला असता. पण मॅट घासलं की तिथे चकाकी येते आणि ती परत जात नाही. सोफ्यावर डोकं टेकतो त्या उंचीला आता एक गुळगुळीत पट्टा आहे. तुमची भिंत सपाट असेल तर किंचित चकाकीचं सॅटिन घ्या, मी पुन्हा केलं तर तेच घेईन.

खिळ्याचं भोक बुजवून उरलेला रंग ब्रशने लावला, तर तिथे बोटाएवढा डाग उमटला. रंग तोच, पण रोलरचं पोत निराळं. छोट्या रोलरने लावल्यावर जरा बरं झालं. नीट करायचं तर पूर्ण भिंतीला हात द्यायला हवा.

एक चूक मात्र पूर्णपणे माझी. तिसऱ्या डब्यातला उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून बेडरूमकडे जाणारा पॅसेजही रंगवून घेतला, थोडा पुन्हा विकत आणून. तिथे खिडकी नाही, रुंदी साडेतीन फूट. दुपारी बारालाही दिवा लावल्याशिवाय पाय टाकवेना. पाहुणे बाथरूमला जाताना भिंत चाचपायचे. मार्चमध्ये परत ऑफ-व्हाइट केला. प्राइमरचे दोन हात, वर रंगाचे तीन, तरी कोपऱ्यात गुलाबी झाक उरलीच आहे. लावायला जेवढा खर्च आला त्याहून जास्त काढायला आला.

आता पावसाळा. जुलैत भिंतीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढी पांढरी पूड फुटली. लोणा. ओल पलीकडच्या बाल्कनीच्या उंबऱ्यातल्या भेगेतून येत होती. बहुधा दरवर्षी येत असणार, पण आधीच्या बदामी भिंतीवर आम्हाला कधी दिसलीच नाही. या भिंतीने पहिल्याच पावसात चुगली केली. भेग बाहेरून भरून घेतली, पूड ब्रशने झाडली आणि कोपरा तसाच वाळत ठेवलाय. ओलसर भिंतीवर वरून रंग चोपडून फायदा नाही, महिन्यात परत फुटेल. तोवर त्या कोपऱ्यापुढे घंगाळ सरकवलंय.

ऊन? बाल्कनीतून दुपारी दोनेक तास तिरपी तिरीप येते. मे महिन्यात एक फ्रेम काढली तेव्हा मागचा चौकोन किंचित गडद वाटला. मी दाखवेपर्यंत नवऱ्याला दिसला नव्हता. दोन-तीन वर्षांत काय होईल ते तेव्हा कळेल.

गुण द्यायचे तर रात्रीच्या भिंतीला पाचपैकी पाच, दुपारच्या भिंतीला तीन, पॅसेजला शून्य. रात्री जेवणं झाल्यावर मोठा दिवा बंद करून बाजूचा एकच ठेवला की सगळे इथेच येऊन बसतात, लेकसुद्धा मोबाइल घेऊन का होईना, पण इथे. बदामी भिंत असताना जो तो आपापल्या खोलीत असायचा. हे रंगामुळे की दिव्यामुळे, यावर आमच्यात एकमत नाही.

कोपरा वाळला की दिवाळीआधी पूर्ण भिंतीला एक हात मारायचाय. झाकणावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवलाय, कारण डब्यावरची अक्षरं रंगाच्या ओघळाने अर्धी गेली आहेत. लागतील ते सगळे डबे या वेळी एकाच दिवशी आणणार, आणि पेंटरकाकांना बादली आधी दाखवणार.