चावीचा टायमर: सहा महिने वापरल्यावर

हा टायमर घेतला तेव्हा माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण दोन महिने एकाच वाक्यावर अडकलं होतं. रोज लॅपटॉप उघडायचे, ते वाक्य वाचायचे, मग आधी टेबल आवरू, एवढा एक मेसेज बघू, असं करता करता संध्याकाळ व्हायची. मार्गदर्शकांचा फोन आला की पोटात गोळा यायचा. दिवसभर हात रिकामे नसायचे. जे करायचं तेवढं सोडून बाकी सगळं होत होतं.

वस्तू साधी आहे. मुठीत मावेल अशी गोल डबी, वर ६० मिनिटांची तबकडी, आत स्प्रिंग. बॅटरी लागत नाही. तबकडी आधी शेवटपर्यंत पिळायची आणि मग मागे आणून हव्या त्या आकड्यावर सोडायची. मी सुरुवातीला थेट १० वर फिरवायचे, तेव्हा घंटा अर्धवट वाजायची. दोन दिवस मला तो बिघडलेलाच वाटला. स्प्रिंगला पुरेसा ताण बसत नव्हता, एवढंच.

असा टायमर लावून २५-२५ मिनिटं काम करण्याची पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाची. १९८० च्या दशकाच्या शेवटी, विद्यापीठात शिकताना अभ्यासात मन लागेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर समोर ठेवला. इटालियनमध्ये टोमॅटो म्हणजे पोमोदोरो, तेच नाव पद्धतीला पडलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी विश्रांती. मला त्यातली सुरुवातीची गोष्ट जास्त जवळची वाटते: त्याने स्वतःशी पहिली पैज लावली ती फक्त १० मिनिटं खरा अभ्यास करण्याची. मीही १० वरच सुरू केलं.

पहिला दिवस लख्ख आठवतो. फोन बाहेरच्या खोलीत ठेवला. तबकडी पिळताना कर्रकर्र आवाज झाला, सोडल्यावर टिकटिक सुरू झाली आणि त्या अडकलेल्या वाक्याखाली मी एक वाईट वाक्य लिहिलं. मग त्याखाली आणखी एक. घंटा झाली तेव्हा अकरा ओळी होत्या. त्यातल्या सहा पुढे खोडल्या, पण खोडायला काहीतरी होतं! फोनवरच्या टायमरने हे मला कधीच जमलं नव्हतं, कारण तो लावायला फोन हातात घ्यावा लागतो आणि घेतला की तो पटकन खाली ठेवला जात नाही.

आता तक्रारी. टिकटिक मोठी आहे. खोलीत दुसरं कुणी वाचत किंवा झोपलेलं असेल तर त्रास होतो; मी खाली घडी घातलेला रुमाल ठेवते, त्याने बराच फरक पडतो. वेळ अगदी काटेकोर नाही, एखादं मिनिट इकडे तिकडे होतं. सराव परीक्षेला हा वापरू नका. आणि लिहिण्याची लय लागलेली असताना घंटा वाजली की चिडचिड होते. त्यावर मी एक सवय लावून घेतली: वाक्य अर्धं असेल तर अर्धंच सोडायचं, शेजारी पुढचे दोन शब्द टिपून ठेवायचे. परत बसल्यावर हात आपोआप चालू लागतो.

एका आठवड्यात मात्र याचा काडीचाही उपयोग झाला नाही. चार-चार वेळा चावी दिली, पान कोरंच. माझं विश्लेषणच चुकत होतं आणि ते मार्गदर्शकांना सांगायची भीती वाटत होती. फ्युशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच मांडलं आहे की चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा नकोशा भावनेपासून पळण्याचा प्रश्न असतो. ती भीती टायमर घालवत नाही. मला शेवटी जाऊन सांगावंच लागलं, आणि ते बोलणं वीस मिनिटांत संपलं. तेव्हापासून चावी देण्याआधी चिठ्ठीवर नेमकं काम लिहिते. ‘प्रकरण २’ नाही, ‘आकृती ३ खालचा परिच्छेद’. चिठ्ठी लिहिता येत नसेल तर अडचण वेगळी आहे हे तिथेच कळतं.

दिवस वाया गेलाच तर स्वतःला बोल लावत बसू नका, हेही मनापासून सांगते. पिचिल आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली होती. मी पूर्वी वाया गेलेल्या सकाळीसाठी दुपारही रडण्यात घालवायचे. आता दुपारी १० वर चावी देते.

ज्यांना सुरुवातच होत नाही त्यांनी जरूर घ्या. घेताना तबकडीची कड खरखरीत आहे ना ते बघा, गुळगुळीत असेल तर बोटं सटकतात. आणि घंटा एकदा पूर्ण वाजवून ऐका.