तोंडावरनं वारं जाऊन वर्षं झालीत, आता सुया घ्यायच्या की फिजिओ?

आमच्या आत्याच्या तोंडावरनं वारं गेलं त्याला तीन वर्षं झाली, आणि राजारामपुरीत कुणीही भेटलं की एकच, "ॲक्युपंक्चर करा की, आमच्या पाव्हण्याचं महिन्यात सरळ झालं." पण बेल्स पाल्सीत, म्हणजे अचानक तोंडावरनं वारं जाण्याच्या नेहमीच्या आजारात, साधारण 70 टक्के लोकांचं तोंड काहीच न करता पूर्ण बरं होतं, स्टेरॉइड पहिल्या 72 तासांत मिळालं तर अजून चांगलं. त्यामुळं महिन्यात बऱ्या झालेल्या पाव्हण्याकडं बघून जुन्या पेशंटचं ठरवू नका.

जुन्या केसचं दुखणंच वेगळं असतंय. नस परत वाढते पण भलत्याच स्नायूला जाऊन जोडते. आत्या हसली की डावा डोळा मिटतो, तांबडा रस्सा फुरकायला ओठ पुढं काढले तरी मिटतो, आणि गाल सारखा ओढल्यासारखा. याला सिनकायनेसिस म्हणतात. इथं जोर कमी नसतो, ताळमेळ बिघडलेला असतो.

ॲक्युपंक्चरच्या बाजूनं सांगायचं तर कोरियात 2015 साली अशाच जुन्या 39 पेशंटवरचा अभ्यास छापून आलाय, 8 आठवडे सुया घेतलेल्यांना चेहऱ्याच्या हालचालीत आणि चारचौघांत वावरण्यात फरक पडला. पण तुलना नुसत्या वाट बघत बसलेल्यांशी होती, खोट्या सुया टोचून बघितलं नव्हतं, आणि माणसंही थोडीच. म्हणजे आशा आहे, खात्री नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, आणि सुई सीलबंद पाकिटातनं तुमच्यासमोर काढलेली पाहिजे.

फिजिओचं काम संथ. आरशासमोर बसून अगदी हळू हसायचं, डोळा मिटायला लागला की तिथंच थांबायचं, परत पहिल्यापासनं. गाल फुगवून जोर काढायचा नाही, त्यानं चुकीची सवय पक्की होते. आम्ही आधी एका ठिकाणी महिनाभर मशीनचे शॉक घेतले, गाल सैल काही झाला नाही, दुसऱ्या फिजिओनं ते बंद करून आरसाच हातात दिला. डोळा फारच मिटत असेल तर बोटॉक्सच्या (स्नायू सैल करणाऱ्या) इंजेक्शननं तीन-चार महिने आराम पडतो.

माझं मत विचाराल तर आधी फिजिओ, आणि गाल आखडलेला असेल व खिशाला झेपत असेल तर जोडीला सुया, पण सुरू करायच्या आधी हसतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि दोन महिन्यांनी परत काढून शेजारी ठेवून बघा, फरक नसेल तर सुया बंद. तोंड अजून पूर्ण सैलच असेल, काहीच हलत नसेल, तर यातलं काहीच करत बसू नका, एमआरआय झालाय का विचारा आणि प्लास्टिक सर्जनला दाखवा, मांडीतला स्नायू गालात बसवून हसू परत आणायचं ऑपरेशन असतंय.

आत्याचे व्हिडिओ मी शेजारी ठेवून बघितले. डोळा अजून मिटतो, पण आधी निम्मं हसल्यावरच मिटायचा, आता वरचे दात दिसेपर्यंत उघडा राहतोय.