टीएससी की एचपीईटी: सर्व्हरची वेळ कुणाच्या भरवशावर?

लिनक्स सर्व्हरच्या कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लॉगमध्ये एक दिवस ओळ येते: वॉचडॉगने, म्हणजे घड्याळांवर पहारा ठेवणाऱ्या कर्नलच्या भागाने, टीएससीला (प्रोसेसरमधलाच वेळ मोजणारा काउंटर) ‘अनस्टेबल’ ठरवलं. कर्नल त्याच क्षणी एचपीईटीकडे, म्हणजे प्रोसेसरबाहेरच्या वेगळ्या टायमरकडे, वळतो आणि काम चालू राहतं. घड्याळ बरोबर असतं, क्रोनीचीही (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) तक्रार नसते. मग हे असंच राहू द्यायचं, की रीबूट करून टीएससी परत आणायचा? मी दोन्ही करून पाहिलं आहे. (व्हर्च्युअल मशिनवर असाल तर केव्हीएम-क्लॉकचा, म्हणजे अशा मशिनसाठीच्या खास घड्याळाचा, विचार आधी करा, तो विषय वेगळा. एसीपीआयचा ३.५८ मेगाहर्ट्झचा टायमर मी धरतच नाही. दुसरं काहीच उरलं नाही तरच तो.)

एचपीईटीला नावं ठेवणं सोपं आहे, पण तो प्रामाणिक आहे. प्रोसेसरने वेग बदलला, कोर झोपी गेला, तरी त्याची चाल ढळत नाही. सगळे कोर एकच काउंटर वाचतात, त्यामुळे दोन सॉकेटच्या (वेगवेगळ्या प्रोसेसर चिपच्या) वेळा जुळतात का ही चिंताच नसते. शिवाय त्याच्या एका टिकचा काळ चिपमध्येच फेम्टोसेकंदांत लिहिलेला असतो. टीएससीचा वेग मात्र बऱ्याच मशिनवर बूट होताना मोजला जातो आणि दर वेळी काही पीपीएमनी (दहा लाखांत इतके भाग) वेगळा निघू शकतो. १ पीपीएम म्हणजे दिवसाला सुमारे ८६ मिलिसेकंद. त्यामुळे रीबूटनंतर क्रोनीला साठवलेला ड्रिफ्ट (घड्याळ किती पुढेमागे जातं ते) थोडा नव्याने शोधावा लागतो. माझ्याकडे ते लवकर स्थिरावतं, पण वारंवार रीबूट होणाऱ्या सर्व्हरवर हा मुद्दा खरा आहे.

आता ज्या गोष्टीने माझा कौल ठरवला ती. डेटाबेसचा एक सर्व्हर अचानक जड झाला. एरर नाही, डिस्क शांत, लॉक नाहीत, फक्त सिस्टिम टाइम (प्रोसेसरचा कर्नलच्या कामात जाणारा वेळ) वाढलेला. एकच क्वेरी साधी चालवली तर ठीक चालायची, ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ (क्वेरीच्या प्रत्येक पायरीचा वेळ मोजणारा आदेश) लावून चालवली की कितीतरी जास्त वेळ घ्यायची. दोन दिवस मी क्वेरी प्लॅन उलटेपालटे करत बसलो. शेवटी एका वर्कर प्रोसेसला एस-ट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय काय मागते ते दाखवणारं साधन) लावला, तर ‘क्लॉक-गेटटाइम’ या वेळ विचारणाऱ्या कॉलच्या ओळी धबधब्यासारख्या पडायला लागल्या. याच सर्व्हरवर मी पूर्वीही एस-ट्रेस लावला होता आणि तेव्हा ही कॉल एकदाही दिसली नव्हती. दिसणार कशी? टीएससी असताना वेळ विचारायला कर्नलमध्ये शिरावंच लागत नाही, व्हीडीएसओ (प्रत्येक प्रोसेसला जोडलेला कर्नलचा छोटा तुकडा) बाहेरच्या बाहेर उत्तर देतो. एचपीईटीवर दर वेळी पूर्ण सिस्टिम कॉल, आणि वर प्रोसेसरबाहेरचं एकच रजिस्टर वाचायला सगळ्या कोरांची रांग. पर्फ टॉपमध्ये (कोणतं फंक्शन प्रोसेसरचा वेळ खातं ते दाखवणारं साधन) ‘रीड-एचपीईटी’ सगळ्यात वर होता. लॉगमधली ‘अनस्टेबल’ची ती ओळ नऊ दिवसांपूर्वीची होती.

मला खरा त्रास झाला तो या गुपचूपपणाचा. वेळ बरोबर असते म्हणून कुणी घड्याळाकडे बघत नाही. आणि चूक कळली तरी लगेच सुधारता येत नाही, कारण एकदा अनस्टेबल ठरलेला टीएससी उपलब्ध क्लॉकसोर्सच्या (कर्नलला वेळ पुरवणाऱ्या स्रोतांच्या) यादीतूनच गायब होतो. परतीची वाट रीबूटमधूनच जाते.

बरं, टीएससी खरंच बिघडला होता का? वॉचडॉग साधारण दर अर्ध्या सेकंदाला टीएससी आणि एचपीईटी ताडून पाहतो. दोन वाचनांच्या मधे फर्मवेअरने (मशिनच्या अंगभूत सॉफ्टवेअरने) प्रोसेसर ताब्यात घेतला, तर तो उशीर टीएससीच्या खात्यावर लागतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्याकडे ही ओळ रात्रीच्या बॅकअपच्या ऐन भरातच यायची, एरवी कधीच नाही. नव्या कर्नलमध्ये अशी शंका आली की पुन्हा वाचून खात्री केली जाते, म्हणून तिथे ही तक्रार मी जास्त गांभीर्याने घेईन.

मी ‘टीएससी=रिलायबल’ हा कर्नलचा बूट पर्याय देऊन रीबूट केलं. त्याआधी प्रोसेसरच्या फ्लॅगमध्ये ‘कॉन्स्टंट-टीएससी’ आणि ‘नॉनस्टॉप-टीएससी’ दोन्ही आहेत (म्हणजे वेग बदलला, कोर झोपला तरी काउंटर तसाच चालतो) हे पाहिलं, बायोस अद्ययावत केला. हा पर्याय दिला की टीएससीवरचा पहारा उठतो हे लक्षात ठेवा. लॉगमध्ये ‘टीएससी अ‍ॅडजस्ट’बद्दल (टीएससी पुढेमागे सरकवणारं रजिस्टर) फर्मवेअर बगची ओळ असेल, किंवा टीएससीवर असताना क्रोनीची फ्रिक्वेन्सी स्थिर न राहता भटकत असेल, तर कृपया हे करू नका. दोन सॉकेटचे टीएससी खरोखर जुळत नसतील, तर एका कोरवर घेतलेली वेळ दुसऱ्या कोरवरच्या वेळेच्या मागे पडू शकते, आणि डेटाबेसमध्ये तसे टाइमस्टॅम्प घुसण्यापेक्षा संथ एचपीईटी शंभरदा परवडला.

तुमचं काम वेळ क्वचितच विचारणारं असेल, नुसता फाइल सर्व्हर वगैरे, तर एचपीईटीवर तुम्हाला कदाचित फरकही जाणवणार नाही. खात्री करायची तर टीएससीवर नीट चालणाऱ्या सर्व्हरवर, वर्दळ कमी असताना, ‘करंट क्लॉकसोर्स’च्या फाइलमध्ये ‘एचपीईटी’ लिहा. पाच मिनिटं सिस्टिम टाइम पाहा आणि परत ‘टीएससी’ लिहा. याला रीबूट लागत नाही. माझ्या डेटाबेस सर्व्हरवर मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आता ती फाइल माझ्या मॉनिटरिंगमध्ये आहे. त्यात ‘टीएससी’ सोडून दुसरं काही दिसलं, की लगेच अलर्ट येतो.