वॉरंट लागत नाही म्हणाले आणि दागिने घेऊन गेले

आमच्या आत्याचं घर सोलापुरातल्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत आहे. तिच्याकडे भरदुपारी दोन पुरुष आणि एक बाई आली. गळ्यात ओळखपत्र, एकाच्या हातात वॉकीटॉकी. मुलगा कारखान्यात यंत्रमागावर कामाला गेलेला, घरात आत्या आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी. "तुमच्या मुलाने चोरीचं सोनं घेतलंय, झडती घ्यायचीय," म्हणत आत शिरले आणि दाराला कडी लावली.

मुलीने विचारलं, "वॉरंट कुठंय?" त्यावर त्यांच्यातला एक गुरकावला, "तपासात वॉरंट लागत नसतंय. मधे बोललीस तर तुलाबी गाडीत घालतो."

पोरगी तिथंच गप्प झाली, कारण तिनेही कुठेतरी हे वाचलं होतं. मला संताप येतो तो याचाच. अर्धं खरं सांगून त्यांनी तिचं तोंड बंद केलं.

खरं काय, तर वॉरंटशिवाय झडती होऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे पोलीस तपास कसा करायचा हे सांगणारा कायदा, 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 185 प्रमाणे, वॉरंट आणेपर्यंत तपासाला लागणारी वस्तू हाती लागणार नाही असं सबळ कारण असेल, तर ठाण्याचा प्रमुख किंवा तपास अधिकारी आपल्या हद्दीतल्या घराची झडती घेऊ शकतो. पण ते कारण आणि कोणती वस्तू शोधायची हे त्याला आधी लिहून ठेवावं लागतं. शक्यतो त्याने स्वतः यायचं. येता येत नसेल तर हाताखालच्या अंमलदाराला तसा लेखी आदेश द्यायचा. या नोंदींची प्रत 48 तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे जाते, आणि अर्ज केल्यावर घरमालकाला ती फुकट मिळते. अटक करायचा माणूस घरात लपल्याचा संशय असेल तरी पोलीस आत येऊ शकतात, ते कलम 44.

म्हणजे नुसतं "वॉरंट दाखवा" म्हणून खरा-खोटा पोलीस कळत नाही. पंच, म्हणजे झडतीचे साक्षीदार, कुठे आहेत, हे विचारा.

आत्याच्या दारासमोर त्या वेळी शेजारच्या बायका सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. खरी झडती असती तर सुरू करण्याआधी त्याच वस्तीतली निदान दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ माणसं पंच म्हणून बोलवावी लागली असती. यांनी उलट कडी लावली! झडतीचं व्हिडिओ चित्रीकरणही आता बंधनकारक आहे. इथे त्या तिघांपैकी कुणी मोबाईल बाहेर काढला नाही, आणि मुलीने काढला तो हिसकावून बंद केला.

आत्याच्या पाटल्या, मोहनमाळ आणि कपाटातली रोकड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली, तोंडाला स्टेपलर मारला, वर स्केचपेनने 'मुद्देमाल' असं लिहिलं. कोऱ्या कागदावर आत्याची सही घेतली. "संध्याकाळी ठाण्यात या, पावती मिळेल." ठाण्यात अशी कुठलीच झडती नोंदलेली नव्हती.

जप्त केलेल्या वस्तूंची यादी जागेवरच करायची असते, त्यावर पंचांच्या सह्या लागतात आणि तिची प्रत घरच्या माणसाला द्यावी लागते. झडतीच्या वेळी घरच्याला हजर राहू द्यावं लागतं. बाईच्या अंगाची झडती बाईनेच, मर्यादा राखून घ्यायची.

पोलीस खरे असतील तर त्यांना अडवू नका, कायद्याने आत येऊ द्यावं लागतं. पण दारातच नाव, हुद्दा आणि ठाणं विचारा, लेखी आदेश मागा, 112 ला फोन करून खात्री करा. शेजाऱ्यांना मोठ्याने हाक मारा. त्यांनी दिलेल्या नंबरवर मात्र फोन करू नका, पलीकडे त्यांचाच माणूस असतो. कोऱ्या कागदावर सही तर अजिबात नको.

आम्ही गुन्हा नोंदवला आहे. पोलीस असल्याची बतावणी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली वेगळा गुन्हा आहे, किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दोन मोटारसायकली दिसतात, पण नंबरवर चिखल फासलेला आहे. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडकडे कुणाच्या घरी असेच तिघं येऊन गेले असतील तर लाज न बाळगता आपल्या ठाण्यात तक्रार द्या, म्हणजे तपास एकमेकांना जोडता येईल.