ग्रीक ओळीखाली भाषांतरं दाखवणारं बायबल अ‍ॅप, तीन महिने वापरून झाल्यावर

येशूने स्वतःला देव म्हटलंय का, या एकाच प्रश्नासाठी मी हे अ‍ॅप घेतलं. वर मूळ ग्रीक ओळ, खाली चार भाषांतरं आणि शेवटी टिपा असं दिसतं, आणि तेवढ्यासाठी पैसे वसूल आहेत.

योहानाच्या शुभवर्तमानातलं १:१ उघडून बघा, तिथला 'शब्द' म्हणजे येशू. मराठीत "शब्द देव होता" वाचून आपण पुढे जातो, वाद कळतच नाही, कारण आपल्याकडे आर्टिकल (इंग्रजीतल्या the सारखा शब्द) हा प्रकारच नाही. ग्रीकमध्ये 'देवासह' मधल्या देवाला आर्टिकल आहे, पुढच्या 'देव' ला नाही. म्हणून येशूला सर्वसमर्थ देव न मानणारे यहोवाचे साक्षीदार तिथे "एक देव" वाचतात, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानणारे म्हणतात असं नाम क्रियापदाच्या आधी आलं की आर्टिकल बहुतेक वेळा नसतंच. शब्दावर बोट दाबलं की त्याच अध्यायातल्या ६, १२, १३, १८ या ओळी येतात, तिथेही आर्टिकल नाही आणि तिथे कोणीच "एक देव" वाचत नाही. हे बघून मी खरंच थबकले.

१०:३० तर सगळ्यात छान केलंय. "मी आणि पिता एक" मधला 'एक' नपुंसकलिंगी आहे म्हणजे 'एकच व्यक्ती' असं नाही, त्यामुळे पिता-पुत्र एकच व्यक्ती मानणारे वननेस पेंटेकोस्टल इथे अडतात, पण हाच 'एक' १७:२२ मध्ये शिष्यांबद्दल येतो म्हणून फक्त पित्यालाच देव मानणारे युनिटेरियन म्हणतात हे फक्त मनाचं ऐक्य आहे. दोन्ही बाजू नीट दिल्यात.

मग ८:५८ ला काय झालं कळत नाही. "अब्राहामापूर्वी मी आहे", टीप एकच ओळ, हे निर्गम ३:१४ मधलं देवाचं नाव, विषय संपला. अहो पण निर्गमाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात वाक्य "मी असणारा आहे" असं आहे आणि पुढे नाव म्हणून फक्त "असणारा" येतं, हे सांगायला नको? शिवाय "मी सकाळपासून इथे आहे" असं आपणही म्हणतोच ना, वर्तमानकाळ पण सुरुवात मागची, साक्षीदारांचा मुद्दा नेमका तोच आहे आणि मराठी माणसाला तो एका मिनिटात कळेल. मी स्वतः त्रैक्य मानते, पुढच्याच ओळीत लोक येशूला मारायला दगड उचलतात ते मला फार मोठं वाटतं, पण समोरच्याचं म्हणणं लपवून माझा विश्वास कसा पक्का होणार?

इतिहासाचा भाग घाईत उरकलाय, ३२५ ची निकेयाची चर्च परिषद, मग ३८१ आणि ४५१ च्या परिषदा, झालं. पुत्र देवाने निर्माण केलेला आहे म्हणणाऱ्या आरियसकडे वचनंच नव्हती असं वाटतं वाचून. त्याच्या बाजूचे लोक नीतिसूत्रे ८:२२ आणि योहान १४:२८ "पिता माझ्यापेक्षा थोर" पुढे करत होते, आणि शिष्य थोमाने येशूला म्हटलेलं "माझ्या प्रभू, माझ्या देवा" त्यांनीही वाचलेलंच होतं.

सर्च हळू आहे. चार स्टार, ८:५८ ची टीप सुधारली की पाचवा देईन.