भीती मोजायची की आघात?

विलगीकरणातल्या माणसाला ‘कसं वाटतंय?’ एवढंच विचारून भागत नाही. हाताशी दोन प्रश्नावल्या आहेत. २०२० साली आलेली ‘फिअर ऑफ कोविड-१९ स्केल’ अगदी आटोपशीर: ७ विधानं, गुण ७ ते ३५. तळहातांना घाम सुटतो का, छातीत धडधडतं का, झोप उडाली का, असं थेट विचारते. फोनवरही चटकन होते. पण मोजते ती फक्त या रोगाची भीती.

दुसरी ‘आयईएस-आर’ (इम्पॅक्ट ऑफ इव्हेंट स्केल – रिव्हाइज्ड), एखाद्या घटनेचा मनावर झालेला आघात मोजणारी. तिच्यात २२ प्रश्न, गुण ० ते ८८, रोख गेल्या ७ दिवसांवर. नको असताना आठवणी उसळतात का, विषय टाळावासा वाटतो का, सतत दचकायला होतं का? २००३च्या सार्स साथीत टोरांटोत विलगीकरणात राहिलेल्या १२९ जणांनी ती भरली (स्वेच्छेने, ऑनलाइन, हे ध्यानात ठेवायला हवं), तेव्हा २८.९ टक्क्यांमध्ये आघातोत्तर ताणाची लक्षणं दिसली. विलगीकरण लांबलं तिथे ती अधिक होती.

म्हणून विलगीकरणाबद्दलच जाणून घ्यायचं असेल तर मी ‘आयईएस-आर’च निवडेन. रोगाची भीती ओसरते. कोंडून राहिल्याचा सल मागे उरतो. मात्र जास्त गुण म्हणजे निदान नव्हे. ज्याचे गुण चढे येतील त्याला त्याच आठवड्यात समुपदेशकाचा फोन जायलाच हवा.