कणकुंबीच्या वाटेवरचं तळ्याकाठचं खोपट: छप्पर पक्कं, चूल हट्टी

फोटोत हे खोपट पाण्याला टेकल्यासारखं दिसतं. तसं नाही. तळं पन्नासेक पावलांवर आहे, बांध घालून अडवलेलं गावतळं, आणि काठाला गुडघाभर गाळ. पोहायचा बेत असेल तर तो बेळगावातच ठेवून या. बाकी जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात गुळगुळीत फरशीचं कॉटेज नको असणाऱ्यांसाठी एवढं मन लावून बांधलेलं खोपट क्वचितच मिळेल. रात्रीचे १५०० रुपये, चौघांपर्यंत. त्यात लाकडांची एक मोळी.

खालचे तीन फूट जांभ्याचे चिरे, त्यावर कारवीच्या काठ्यांचा कूड, दोन्ही अंगांनी मातीचं लिंपण, जमीन शेणानं सारवलेली आणि माथ्यावर खानापूरची मंगलोरी कौलं. छपराला उतार भरपूर ठेवलाय, म्हणून धो धो पावसातही गळत नाही. गळतं ते वानरांमुळे. शेजारच्या झाडावरून ती छपरावर उड्या मारतात, एखादं कौल दोन बोटं घसरतं, वरच्या कौलाच्या पकडीतून सुटतं आणि धार नेमकी अंथरुणावर. दिवसाउजेडी पोचल्याबरोबर दार लावून वर बघा. जिथं उजेडाची फट दिसेल तिथलं कौल आतून काठीनं हलकं उचलून वर सारायचं, बस्स. छपरावर चढू नका. शेवाळावर पाय ठरत नाही आणि एका कौलापायी चार फुटतात. हे काम पाऊस सुरू झाल्यावर अंधारात होत नाही.

खरी परीक्षा चुलीची. धुराडं नाही, धूर कौलांच्या फटींतूनच बाहेर जातो. लाकूड वाळलेलं असेल तोवर ठीक. पण मोळी पडवीत जमिनीला टेकवून ठेवलेली असते, तळ्याची ओल खालच्या लाकडांत शिरते आणि मग फुंकणीनं जीव जातो. मोळी सोडून वरची लाकडं आधी घ्या, खालची चुलीच्या भानोशीला, म्हणजे मागच्या कट्ट्याला, लावून वाळत ठेवा. पेटवताना नारळाचं सोडण (वरचं तंतूंचं साल), त्यावर करंगळीएवढ्या काटक्या, त्या लाल झाल्यावरच मनगटाएवढं लाकूड, आणि तेही दोनच, मध्ये बोटभर फट ठेवून. तिसरं कोंबलं की वारा कोंडतो.

पेटवणीला काजूची टरफलं देतात. भरभरून जळतात, पण त्यांच्यातलं तेल कातडी भाजणारं आणि धूर डोळ्यांना झोंबणारा. बाहेर आंघोळीचं पाणी तापवायला वापरा, स्वयंपाकाच्या चुलीत नाही. चौघांचा भात, रस्सा आणि सकाळचा चहा एका मोळीत बसतो. पावसाळी हवेत दोन धरा, दुसरीचे पैसे वेगळे.

जेवण सांगून ठेवलं तर शेजारच्या घरातून येतं. तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा झकास. कुळथाचं पिठलं त्याहून वरचढ. पनीर मागू नका.

पिण्याचं पाणी तळ्यातूनच. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा आणि खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसंच ठेवा. माठात भरून ठेवलेलं पाणी ‘उकळलेलंच आहे’ म्हणून देतात. तरी पुन्हा उकळावं.

कधी जावं? आमच्या मते दिवाळीनंतर ते जानेवारी. जून ते ऑक्टोबर जळवांचं राज्य. मीठ-तंबाखूची पुरचुंडी ओली करून बुटांवर आणि मोज्यांवर घासली की बऱ्याचशा लांब राहतात. चिकटलीच तर ओढू नका. तोंडाशी नख आडवं सरकवून सोडवा आणि साबणानं धुवा. रक्त काही वेळ वाहतंच, घाबरण्यासारखं नाही.

कोरड्या दिवसांत मात्र गोचिडांकडे लक्ष हवं. माकडताप त्यांच्यापासूनच येतो. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो १९५७ साली पहिल्यांदा सापडला, आणि अलीकडे गोव्यातल्या सत्तरीत व दोडामार्गातही त्यानं माणसं दगावली. दोन्ही भाग इथून घाटापलीकडेच. पाचोळ्यात बसू नका, पँट मोज्यांत खोचा, संध्याकाळी गरम पाण्यानं अंघोळ करून काखा, जांघा तपासा. मेलेलं वानर दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. परतल्यावर आठवड्याभरात कडक ताप आला तर डॉक्टरांना जंगलाचं आधी सांगा.

पांघरुणं अपुरी आहेत. माणशी एक चादर, आणि पहाटे तळ्यावरून जे धुकं येतं ते कुडाच्या फटींतून आत शिरतं. घोंगडं सोबत न्या, ओलं झालं तरी ऊब सोडत नाही. संडास चाळीस पावलं मागे, वाटेवर दिवा नाही. या जंगलात अस्वलं आणि गवे आहेत, तेव्हा रात्री एकट्यानं जाऊ नये, बॅटरी हातात हवीच. भीमगड अभयारण्य लागूनच आहे. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, मालकानं ‘काय होत नाही’ म्हटलं तरीही.

बेळगावहून पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबीची बस येते. पाटी कन्नडमध्ये असते. वाचता येत नसेल तर कंडक्टरला विचारा, मराठीत सांगतो. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळही त्यालाच उतरताना विचारून घ्या, कारण खोपटापाशी फोनला रेंज नाही.